एकवीस दिवसांची नर्सबाय

बेलापूरच्या आरोग्य केंद्रात नवी नर्स आलीय आणि ती फार प्रश्न विचारते, एवढी एकच बातमी १९७५ च्या दिवाळीनंतर दिवाळे गावात पोचली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जयमाला केळसकर नवी होती, आणि लस टोचायला आलेली असली तरी घरात कोण खोकतंय, कोणाचे पाय सुजलेत, म्हातारीला दिसतं का, हे सगळं विचारल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे.

ती मूळची दापोलीकडची. लग्नाआधी चार वर्षं तिनं मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात हृदयाच्या वॉर्डात काढली होती. लग्न झालं, नवरा मधुकर याला वाशीच्या नव्या वसाहतीत ब्लॉक मिळाला. तेव्हाची वाशी म्हणजे चार-दोन इमारती, त्यांच्यामध्ये गुडघाभर चिखल, आणि दिवेलागणीला खाडीकडून कोल्हेकुई. तिथून रोज पूल ओलांडून मुंबईच्या पाळ्या करणं जमेना, म्हणून जयमालानं जिल्हा परिषदेची नोकरी धरली. वॉर्डातल्या मैत्रिणी हळहळल्या. "एवढं शिकलीस, आणि आता खेड्यापाड्यातनं पोरांना सुया टोचत हिंडणार?" जयमाला म्हणाली, "सुया टोचणंही कोणाला तरी नीट यायला हवंच की."

पुढच्या जानेवारीत दिवाळ्याच्या देवळाच्या ओट्यावर लसीकरण होतं. पुतळा नावाची एक कोळीण आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी आईकडे राहीना, म्हणून तिचा बाप बाजीराव तिला खांद्यावर घेऊन रांगेत उभा होता. बाजीराव अठ्ठावीस वर्षांचा, आपल्या बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. भरती-ओहोटीच्या ओढीत लावायचं डोलीचं भिजलेलं जाळं ओढताना दोघांचं काम एकटा करतो असं त्याचं नाव होतं. सुई टोचली, मुलगी किंचाळून बापाच्या मानेत शिरली, आणि जयमालाची नजर त्या मानेवर गेली ती तिथंच थांबली.

बाजीरावच्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा उडत होत्या. साध्या डोळ्यांना दिसतील अशा, कातडीखाली कोणी धक्के द्यावेत तशा. आणि प्रत्येक धक्क्याबरोबर त्याचं डोकंही अगदी किंचित हलत होतं.

"हात द्या जरा," जयमाला म्हणाली.

"मना कशाला? पोरीला टोचलीस ना? मना नको."

"सुई नाही. नुसता हात."

तिनं मनगट धरलं. नाडी बोटांवर आदळली आणि आदळताक्षणी नाहीशी झाली. परत आदळली, परत नाहीशी. तिनं त्याचा हात डोक्याच्या वर उचलून धरला, तेव्हा तर ती अख्ख्या मनगटावर थापा मारू लागली. रांगेतल्या बायका हसायला लागल्या. नर्सबाय तांडेलाला सलाम करायला शिकवतेय, असं कोणीतरी म्हणालं. जयमालानं पेटीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं. वरचा आकडा एकशे साठ आला. खालच्या आकड्याला आवाज बंद पडायला हवा, तो पडेचना. सत्तर, साठ, पन्नास. पारा उतरत होता आणि कानात ठोके चालूच होते. चाळिसाच्या खाली कुठेतरी ते विझत गेले.

"दम लागतो का तुम्हाला?"

"दम?" बाजीरावनं आजूबाजूला बघितलं. "मना?"

आता पुरुषही हसले. जयमाला हसली नाही. तिनं विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजले होते? ताप येऊन?"

त्याला आठवत नव्हतं. पण त्याची आई गिरजाबाई सुकत घातलेले बोंबील सोडून तिथं आली होती, तिनं सांगितलं. अकरा वर्षांचा होता तेव्हा घसा धरला, मग ताप आला, मग एक गुडघा सुजला. तो उतरला तर दुसरा. तो उतरला तर घोटा. महिनाभर पोर अंथरुणावर होतं. पाल्याचा लेप लावला आणि बरं झालं. "तवापासून कदी डोकं दुखलं म्हनून पन बसला नाय," गिरजाबाई म्हणाली. जयमालाच्या मनात जी शंका होती ती आता शंका राहिली नाही.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर हारुन मुकादम उरणजवळच्या मोऱ्याचे. नुकतीच पदवी घेऊन आलेले, वय सत्तावीस. जयमालानं हट्ट धरून दुसऱ्या दिवशी बाजीरावला त्यांच्यासमोर आणलं. डॉक्टरांनी त्याला टेबलावर उताणा झोपवलं, स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं.

"सिस्टर, मला काही वेगळं ऐकू येत नाही. प्रेशर आहे थोडं. तरुण माणूस आहे, घाबरला असेल."

"झोपवून नाही येणार ऐकू, सर," जयमाला म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, आपण जास्त बोललो. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "त्यांना बसवा. पुढं वाकवा. श्वास पूर्ण बाहेर सोडून धरून ठेवायला सांगा. आणि मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, खाली."

दुसरा एखादा डॉक्टर चिडला असता. हारुन डॉक्टरांनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि बाजीरावला उठवून बसवलं. बाजीराव पुढे वाकला, श्वास सोडून थांबला. बाहेर कंपाउंडर बाटल्या विसळत होता. डॉक्टरांनी हात वर करून त्याला थांबवलं. खोलीत काहीच हलेना.

"आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "दुसऱ्या ठोक्यानंतर लगेच. फुंकर घातल्यासारखा." त्यांनी कानातून नळ्या काढल्या. "हा आवाज मी पुस्तकात वाचला होता, सिस्टर. आज पहिल्यांदा ऐकला. तुम्ही ऐकलाय आधी?"

"वॉर्डात पुष्कळदा. आमच्या हेडसिस्टर रोज एका पेशंटचं हृदय आम्हाला ऐकायला लावायच्या."

त्या दिवसापासून हारुन डॉक्टर तिला खुर्ची दिल्याशिवाय बोलत नसत.

मुंबईच्या इस्पितळात बाजीरावच्या छातीचा फोटो निघाला, हृदयाची पट्टी निघाली. तिथल्या हृदयाच्या डॉक्टर अरुणा सबनीस यांनी त्याला तपासलं आणि जयमालानं दिवाळ्याच्या ओट्यावर जे ओळखलं होतं तेच सांगितलं. हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी जी झडप असते, ती लहानपणच्या त्या तापानं आखडली होती. नीट मिटत नव्हती. पुढे गेलेलं रक्त प्रत्येक ठोक्याला थोडं मागे गळत होतं.

बाजीरावला हे समजेना. परतीच्या बसमध्ये जयमालानं त्याला विचारलं, "तुमच्या खारबांधाला उघाडी असते ना? ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की आपोआप मिटते, ती?"

"हाय की."

"तिची फळी झिजली तर?"

"तर भरतीचं खारं पानी परत शेतात येतं."

"तसंच झालंय. आलेलं पाणी पुन्हा बाहेर टाकायचं म्हणून तुमचं हृदय दुप्पट राबतंय. राबून राबून मोठं झालंय."

"मग मजबूत झालं म्हन की."

"आत्ता मजबूत आहे. तीच तर पंचाईत आहे."

कारण डॉक्टर सबनीसांनी निघताना जयमालाला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आत्ता ऑपरेशनची गरज नाही, कदाचित दहा वर्षं लागणार नाही. मात्र सांध्यांचा ताप पुन्हा आला तर झडप आणखी बिघडेल, म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, न चुकता. आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. "असं हृदय तक्रार करत नाही, सिस्टर. वर्षानुवर्षं निमूट जास्तीचं काम ओढतं. ज्या दिवशी तक्रार करतं त्या दिवशी पुष्कळदा उशीर झालेला असतो. तो बरं वाटतंय म्हणाला म्हणून गप्प बसू नका."

म्हणजे ज्याला काही होत नाही अशा माणसाला वर्षानुवर्षं दुखरं इंजेक्शन द्यायचं. बोलायला सोपं होतं. ते औषध दुधासारखं दाट. बाटली नीट हलवली नाही किंवा सुई बारीक घेतली तर मध्येच तुंबणार आणि पुन्हा टोचावं लागणार. जाड सुईनं दिलं की माणूस दोन दिवस लंगडणार. त्यात क्वचित एखाद्याला त्याची जीवघेणी रिअॅक्शन येते, म्हणून जवळ दुसरं इंजेक्शन तयार ठेवायचं आणि पेशंटला अर्धा तास नजरेसमोर बसवायचं. बाजीराव पहिल्या तीन वेळा आला. चौथ्यांदा आला नाही.

जयमाला दिवाळ्याला गेली तर बोट खाडीबाहेर होती. पुतळा म्हणाली, "उधानाचं पानी हाय बाय. आता मासली सोडून तो तुझी सुई घेयाला येल?"

चूक आपली आहे, हे जयमालाच्या तिथंच लक्षात आलं. तिचे एकवीस दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरातले होते आणि बाजीरावचे दिवस चंद्राचे. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा डोलीला मासळी, तेव्हा त्याला जेवायला फुरसत नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाचं, कमी ओढीचं पाणी आलं की जाळी दुरुस्त करत किनाऱ्यावर. तिनं पुतळाला बरोबर घेऊन वर्षभराच्या तिथी काढल्या. तारीख भांगात पडली तर त्यानं केंद्रावर यायचं. उधाणात पडली तर ती बंदरावर येणार, बोट सुटायच्या तासभर आधी, मग पहाट असो की दुपार.

आणि ती येत राहिली. उकळलेली काचेची सिरिंज डब्यात, पेटी खांद्याला, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत खोचलेला. बंदरावर पालथ्या घातलेल्या होडीच्या आडोशाला इंजेक्शन, आणि मग त्या होडीवर दोघांनी अर्धा तास बसायचं. खलाशी थट्टा करत, "तांडेल, तुझी एकवीस दिसांची नर्सबाय आली." पुतळा त्यात सगळ्यात मोठ्यानं हसे. त्या अर्ध्या तासात जयमाला कोळ्यांची बोली शिकली, जवळा कुठला ताजा ते ओळखायला शिकली, आणि बाजीरावला न कळता त्याचे श्वास मोजायलाही. १९७८ साली ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा हारुन डॉक्टर स्वतः चप्पल हातात घेऊन चिखलातून बंदरावर जात. रजेच्या तीन महिन्यांत एकही दिवस चुकला नाही.

चुकलं ते वेगळंच. १९८१ च्या थंडीत बाजीरावची दाढ ठणकायला लागली. बाजारात बसणाऱ्या एका दातवाल्याकडून त्यानं ती उपटून घेतली. दात काढण्याआधी मला सांगा, हे जयमालानं पाच वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं. तो विसरला होता. नंतरच्या आठवड्यांत त्याला संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, भूक गेली, अंग घामानं भिजायला लागलं. हिवतापाच्या गोळ्या झाल्या. ताप हटेना. इंजेक्शनच्या दिवशी जयमालानं त्याच्या नखांखाली बारीक लाल रेघा पाहिल्या, आणि तोंड उघडायला लावून दाढेचा खड्डा पाहिला.

"दाढ कधी काढली?"

"झाला महिना."

तिनं त्याला घरी जाऊही दिलं नाही. बिघडलेल्या झडपेवर रक्तातले जंतू जाऊन बसतात, हे तिला वॉर्डातून ठाऊक होतं, आणि त्यातून सगळेच बाहेर येत नाहीत हेही. इस्पितळात रक्ताची तपासणी तेच म्हणाली. सहा आठवडे शिरेतून औषध चाललं. बाजीराव वाचला, पण झडप आणखी गळू लागली.

त्या सहा आठवड्यांत जयमाला फार कमी बोलली. मधुकरनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "एकदाच सांगितलं होतं मी. एकदा सांगून माणसाच्या लक्षात राहतं होय? सुईचं सांगते तसं दर वेळी सांगायला हवं होतं." मधुकर म्हणाला, "दात त्यानं काढला, तू नाही." तिला ते पटलं नाही. त्यानंतर तिचे दर एकवीस दिवसांचे प्रश्न वाढले. दात, घसा, ताप, झोप, पाय. बाजीराव वैतागून शाळेतल्या पोरासारखा आधीच पाठ म्हणून दाखवी, "दात हायत, घसा बरा, ताप नाय."

पुढच्या वर्षी मुंबईच्या त्या इस्पितळात हृदयाचं नवं यंत्र आलं. छातीवर नुसती एक कांडी टेकवायची आणि कागदाच्या लांब पट्टीवर हृदयाच्या भिंती रेघांनी उमटायच्या. डॉक्टर सबनीसांनी जयमालाला ती पट्टी वाचायला शिकवली. हृदय आकसल्यावर आतली पोकळी किती उरते ते मोजायचं. पंचावन्न मिलिमीटरच्या जवळ गेली की ऑपरेशनला थांबायचं नाही, मग पेशंट कितीही ठणठणीत दिसो. बाजीरावची त्या वर्षी सेहेचाळीस होती. पुढच्या वर्षी अठ्ठेचाळीस. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्यापुढच्या वर्षी एकोणपन्नास. जयमाला हे आकडे पट्टी न बघता कोणालाही सांगू शके.

१९८५ च्या जानेवारीत इंजेक्शननंतर दोघं होडीवर बसले असताना तिला काहीतरी खटकलं. बाजीराव एरवी बोलायला लागला की दोन माणसांचं भांडण दोन्ही आवाजांत करून दाखवायचा. आज चार शब्द बोलून थांबत होता. ती म्हणाली, "चला, टेकडीवरच्या घरी एक बाळंतीण आहे, तिथपर्यंत सोडा मला." वाटेत तो दोनदा थांबला. एकदा खाडीतल्या बोटी बघायला, एकदा चपलेचा अंगठा नीट करायला. अंगठा नीटच होता. जयमालानं ते पाहून ठेवलं. बाळंतिणीकडे जाऊन आली आणि तडक बेलापूरच्या बाजारात पुतळाच्या पाटीपाशी जाऊन बसली.

"तांडेल रात्री झोपतो कसा?"

"झोपतो की. सगली झोपतात तसा."

"पुतळा, माझ्याकडे बघ."

पुतळानं कोळंबीवर पाणी शिंपडलं. पुन्हा शिंपडलं. मग पदर डोळ्यांना लावला. "भितीला टेकून झोपतो. बसल्या बसल्या. म्हनतो गरम होतं. पौषात कसलं गरम, बाय? आनि जालं तो ओढीत नाय आता. दत्तू ओढतो, हा नुसता सुकानू धरून बसतो. मना शपथ घातलीय कोनाला सांगू नको म्हनून."

दत्तू म्हणजे बाजीरावचा धाकटा भाऊ. त्यालाही शपथ होती, चारही खलाशांना होती. सगळी बोट मिळून एका माणसाचा दम लपवत होती.

मुंबईला पट्टी निघाली. चोपन्न. डॉक्टर सबनीस म्हणाल्या, आता महिन्या-दोन महिन्यांत झडप बदलायची, त्याहून लांबवायचं नाही.

बाजीरावनं साफ नाही म्हटलं. खाडीपलीकडच्या गावातला एक जण असंच ऑपरेशन करायला गेला होता आणि त्याचं प्रेतच घरी आलं होतं. गिरजाबाईनं जेवण सोडलं. जयमाला दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा बाजीराव बंदरावर जाळं विणत एकटाच बसला होता.

"तू समजवायला आली असशील, तर जा," तो म्हणाला.

"समजवायला नाही. तुम्ही विचाराल ते खरं सांगायला आलेय."

तो विणता विणताच म्हणाला, "किती मरतात?"

"शंभरात पाच. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंय ते सांगते."

"आनि नाय केलं तर?"

"दोन वर्षं. फार तर तीन. शेवटचं वर्ष खाटेवर, बसून."

जाळ्याची सुई थांबली. "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"घाबरले असते," जयमाला म्हणाली. "आईसमोर, नवऱ्यासमोर घाबरले नाही असं दाखवलं असतं. तुम्ही दाखवताय तसंच. पण गेले असते."

"मना कापतील तिथं आतमंदी माझं कोन नसेल."

"मी येईन. आत येऊ देणार नाहीत, पण दाराशी असेन. शुद्धीवर याल तेव्हा समोर असेन."

बाजीरावनं सुई पुन्हा जाळ्यात घातली. संध्याकाळी पुतळा वाशीला आली. तिनं दारातूनच सांगितलं, "तारीख घे म्हनाला."

फेब्रुवारीच्या शेवटी तारीख मिळाली. ऑपरेशनला ताजं रक्त लागणार होतं, आठ बाटल्या. जयमालानं गावात सांगितलं आणि तिला वाटलं, कशीबशी चार माणसं तयार होतील. रक्त दिलं की ताकद जाते, ही समजूत तिथं पक्की होती. त्या सकाळी दिवाळ्याहून बोट थेट भाऊच्या धक्क्याला लागली आणि तिच्यातून एकवीस माणसं उतरली. दत्तू सगळ्यांत पुढे. ज्यांचा गट जुळला नाही त्यांनी इस्पितळाच्या नर्सशी वाद घातला. हारुन डॉक्टरांची बदली एव्हाना उरणला झाली होती. ते मोऱ्याहून लाँचनं आले. त्यांचा गट जुळला. शेजारच्या खाटेवर दत्तू रक्त देत होता, त्याला ते म्हणाले, "आता तुझ्या भावाला माझं थोडं तरी ऐकावं लागेल."

जयमाला रजा टाकून दाराबाहेरच्या बाकावर सहा तास बसली. गिरजाबाईचा हात तिच्या हातात होता. वॉर्डात असताना तिनं कितीतरी नातेवाइकांना अशाच बाकावर बसलेलं पाहिलं होतं आणि जाता-येता "होईल सगळं ठीक" असं म्हटलं होतं. ते वाक्य किती पोकळ असतं ते तिला त्या दिवशी कळलं. ती गिरजाबाईला तसं काही म्हणाली नाही.

बाजीराव दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आला. नळीमुळे बोलता येत नव्हतं. त्यानं समोर बघितलं, जयमाला होती. त्यानं दोन बोटं किंचित उचलली आणि परत डोळे मिटले.

छातीत आता धातूची झडप होती. सगळं शांत झालं की तिची टिकटिक बाहेर ऐकू येई. पुतळाला पहिले काही दिवस त्या आवाजानं झोप लागेना. मग आवाज आला नाही तर झोप लागेना. बाजीराव आडवा पडून झोपू लागला, पुतळानं हे जयमालाला बाजारात सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं.

काम संपलं नव्हतं, नुसतं बदललं होतं. नव्या झडपेवर गाठ बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर. कमी झाली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. दर महिन्याला रक्त तपासून गोळी बसवायची. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घ्यायची नाही. दंडात-कमरेत इंजेक्शन तर अजिबात नाही, आत रक्त साकळतं, म्हणून पेनिसिलिन आता तोंडानं, दिवसातून दोनदा. जयमालानं हे गिरजाबाईला, पुतळाला, दत्तूला आणि चारही खलाशांना वेगवेगळं सांगितलं, आणि प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं. पुढे एकदा शिंगाळा माशाचा काटा बाजीरावच्या तळव्यात घुसला आणि रक्त थांबेना. तेव्हा सगळ्यात लहान खलाशानंच जखमेवर फडकं दाबून धरलं, बोट वळवायला लावली आणि थेट बेलापूरला आणलं. तिथं पोचेपर्यंत त्यानं हात काढला नव्हता. जयमालानं त्याची पाठ थोपटली.

एकवीस दिवसांची सुई बंद झाली तरी पहिल्या एकविसाव्या दिवशी बाजीराव केंद्रावर हजर होता. जयमाला म्हणाली, "आता कशाला आलात? पुढच्या महिन्यात रक्त तपासायचंय." तो बाकावर बसला. म्हणाला, "अर्धा तास बसतो आनि जातो."

सहा महिन्यांनी तो बोटीवर गेला. वर्षभरानं मोजलं तर हृदय आकसून पुष्कळसं पूर्वपदावर आलं होतं. डॉक्टर सबनीस ती पट्टी बघून जयमालाला म्हणाल्या, "ही वेळ पकडणं हेच खरं काम असतं. आम्हाला पेशंट सहा महिन्यांतून दहा मिनिटं दिसतो. तुम्ही नसता तर हा आमच्याकडे दोन वर्षं उशिरा आला असता." जयमालानं पट्टी नीट घडी करून पिशवीत ठेवली.

बाजीरावच्या निमित्तानं एक गोष्ट मात्र तिनं स्वतःहून केली होती, कोणी सांगितलेली नसताना. दिवाळ्यापासून तळवलीपर्यंतच्या शाळांमधून ती दर पावसाळ्यात पोरांचे घसे बघत हिंडे आणि सांधे धरलेलं पोर कुठे आहे का ते विचारी. १९८८ पर्यंत तिच्याकडे अशी चौदा मुलं इंजेक्शनला येत होती. त्यांतल्या नऊ जणांच्या झडपा अजून शाबूत होत्या.

तिला दोनदा बढती आली. पहिल्यांदा तिनं नाकारली. १९८९ च्या जूनमध्ये दुसऱ्यांदा आली तेव्हा मधुकर म्हणाला, "तू गेलीस तर चार गावांऐवजी चाळीस गावांच्या नर्सना शिकवशील." तिनं दोन दिवस विचार केला आणि ती घेतली. तिच्या जागी मीना नावाची कराडकडची मुलगी आली. बाविशीची, पहिलीच नोकरी. बेलापूरच्या बसथांब्यावर उतरल्यावर तिनं छत्री उघडली आणि विचारलं, "मॅडम, किती घरं करायची आज?"

"घरं मोजू नकोस," जयमाला म्हणाली. "एकच करू, पण नीट करू. रहिमाचं. तिला आठवा लागलाय आणि पाय सुजलेत म्हणे. ती काही होत नाही म्हणेल. तू वेताच्या मोड्यावर बस, चहा दिला तर घे, आणि घाई करू नकोस."

मीनानं मान डोलावली आणि पेटी घ्यायला हात पुढे केला. जयमालानं ती दिली, आणि दोघी चिखल चुकवत गल्लीत शिरल्या.